थंडीत घरात बीपी, शुगर, दम्याची माणसं असतील तर आधी सकाळ बदला

निफाडला पारा पाच-सहा अंशांवर आला की बातम्यांमध्ये द्राक्षबागा दिसतात, बागेत पेटवलेल्या शेकोट्या दिसतात, महाबळेश्वरला वेण्णा लेकजवळचं हिमकण दाखवतात. पण त्याच दिवसांत दवाखान्यात वयस्कर माणसांची गर्दी वाढलेली असते, कोणाचं बीपी वर गेलेलं, कोणाला दम लागलेला, कोणाची शुगर दिवाळीपासून खाली यायचं नाव घेत नाही. आणि हे फक्त आमच्या नाशिककडचं नाही, नागपूरला २०१८ च्या डिसेंबरात पारा ३.५ पर्यंत उतरला होता, गोंदिया, परभणी, धुळे, जळगावकडेही थंडी चांगलीच कडक असते. आपल्याकडे घरात हिटर नसतो, खिडक्या नीट बंद होत नाहीत, वर पत्रे असतील तर घरात आणि अंगणात फार फरक नसतोच.

आमच्या घरी सासूबाईंना शुगर आणि बीपी, सासऱ्यांना जुना दमा, त्यामुळे थंडी सुरू झाली की घराचं टाइमटेबलच बदलावं लागतं. गोळ्या तर बाराही महिने चालूच असतात, पण थंडीत सगळ्यात जास्त जपायला लागतात ते पहाटे पांघरुणातून बाहेर आल्यापासून अंगावर ऊन येईपर्यंतचे दोन-तीन तास, आणि नेमके त्याच वेळेला आपले लोक पहाटे पाचला उठून आंघोळ, देवपूजा, मॉर्निंग वॉक सगळं उरकतात. म्हणून मी सकाळपासून सुरू करून रात्रीपर्यंत काय काय करायचं ते लिहितेय.

आधी कारण सांगते, म्हणजे घरातल्या हट्टी माणसाला पटवता येईल. थंडी लागली की शरीर आतली ऊब धरून ठेवायला कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आवळून घेतं, त्यामुळे हृदयाला जास्त जोर लावावा लागतो आणि बीपी चढतं. त्यात पहाटे जाग येताना बीपी तसंही वर जातच असतं, ते कुठल्याही ऋतूत. वर रात्रभर पाणी प्यायलेलं नसतं आणि थंडीत लघवीला जास्त होते म्हणून रक्त थोडं घट्ट झालेलं असतं. हे सगळं एकाच वेळेला जुळून येतं, म्हणून हार्ट अटॅक आणि लकवा थंडीत वाढतात आणि सकाळच्या वेळेला जास्त होतात.

उठताना

जाग आल्या आल्या ताडकन उठायचं नाही. पांघरुणातच पडून पावलं वर-खाली करायची, मुठी उघडायच्या मिटायच्या, गुडघे दुमडायचे, मग कुशीवर वळून पाय खाली सोडून दोन मिनिटं बसायचं आणि मगच उभं राहायचं. बीपीची गोळी रात्री घेणाऱ्यांना, किंवा प्रोस्टेटची गोळी चालू असलेल्या पुरुषांना, एकदम उभं राहिलं की चक्कर येऊ शकते, त्यांनी तर हे करायचंच. सांधेदुखीवाल्यांचेही आखडलेले सांधे यातच बरेच मोकळे होतात.

स्वेटर आणि कानटोपी कपाटात नाही, उशाशी हवी. गावाकडे अजून बऱ्याच घरांत संडास मागच्या अंगणात असतो, म्हातारं माणूस रात्री दोनला नुसत्या बनियनवर बाहेर जातं, उबेतून एकदम गारठ्यात, झोपेत, अंधारात. उशाशी शाल, चप्पल आणि टॉर्च ठेवली, शक्य असेल तर रात्रीपुरतं खोलीत भांडं ठेवलं तर हा धोका खूप कमी होतो. यात लाजण्यासारखं काहीच नाही. आणि गुळगुळीत फरशीवर नुसते मोजे घालून चालू देऊ नका, पाय सटकतो, मोज्यांवर चप्पल घालायची नाहीतर खाली रबराचे ठिपके असलेले मोजे आणायचे.

उठल्यावर ग्लासभर कोमट पाणी. थंडीत तहान लागत नाही म्हणून दिवसभर चहाच होतो फक्त, पाणी आठवणीने प्यायला लागतं. हृदय किंवा किडनीच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून दिलेलं असेल तर मात्र तेवढंच. थायरॉइडची गोळी असेल तर ती रिकाम्या पोटी साध्या पाण्याबरोबर आणि चहा त्यानंतर निदान अर्ध्या-एक तासाने, थंडीत उठल्या उठल्या गरम चहाचा मोह होतो आणि गोळी चहाबरोबरच घेतली जाते, मग ती नीट लागू पडत नाही. कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या त्यापासून चार तास लांब ठेवायच्या.

बीपी घरी मोजा, पण नीट मोजा

हे मशीन आता बऱ्याच घरांत आहे, पण थंडीत सगळे स्वेटरची बाही वर सरकवून पट्टा बांधतात आणि तिथेच आकडा चुकतो, कारण वर गोळा झालेली बाही दंडाला आवळते. हात बाहीतून पूर्ण बाहेर काढायचा, अंगावर शाल टाकायची, पट्टा उघड्या दंडावर बांधायचा. त्याआधी पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या लेव्हलला, बोलायचं नाही. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, बिडी काही नको आणि लघवी लागलेली असेल तर आधी जाऊन यायचं. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजायचं, सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, असं आठवडाभर वहीत लिहायचं. घरी मोजलेलं बीपी सतत १३५/८५ किंवा त्याच्या वर येत असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा, स्वतःच्या मनाने गोळी वाढवू नका आणि शेजारच्या काकांची तर अजिबात घेऊ नका. १८०/१२० च्या वर दिसलं तर पाच मिनिटं थांबून परत मोजा, तरी तेवढंच असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोलताना अडखळणं, एका बाजूला मुंग्या, डोळ्यांना कमी दिसणं यातलं काहीही असेल तर थेट हॉस्पिटल.

वॉक बंद करू नका, वेळ बदला

पहाटे साडेपाचचा वॉक सात-आठ वाजता ऊन आल्यावर करा, नाहीतर सरळ संध्याकाळी पाचला. ज्येष्ठ मंडळींना हे पटत नाही, त्यांचा ग्रुप असतो, ग्रुप पहाटेच जातो, मग अख्ख्या ग्रुपलाच पटवायला लागतं. पण थंडी हे एकच कारण नाहीये, थंडीत पहाटे गार हवा जमिनीलगत बसून राहते आणि गाड्यांचा, कचरा जाळलेला, शेकोट्यांचा सगळा धूर तिच्यातच अडकतो, म्हणजे ज्याला आपण पहाटेची शुद्ध हवा म्हणतो ती शहरात बऱ्याचदा दिवसातली सगळ्यात वाईट हवा असते. दम्याच्या माणसाने तर पहाटे बाहेर पडूच नये. बाहेर जाताना नाका-तोंडावरून मफलर घ्यायचा आणि श्वास नाकाने घ्यायचा, म्हणजे हवा थोडी कोमट होऊन आत जाते. फार गारठा असेल त्या दिवशी घरातच चकरा मारा, पण बसून राहू नका, थंडीत शुगर वाढण्यामागे न चालणं हे मोठं कारण असतं.

शेतकऱ्यांबद्दल वेगळं लिहायलाच पाहिजे. शेतीची लाईट बऱ्याच ठिकाणी रात्रीची असते, त्यामुळे बीपीचा, दम्याचा साठीचा माणूस रात्री एक-दोनला गव्हाला नाहीतर कांद्याला पाणी भरायला उघड्या पायाने थंडगार पाण्यात उभा असतो. घरात तरणं कोणी असेल तर रात्रीची पाळी त्याने घ्यावी, ते शक्यच नसेल तर गमबूट, दोन पातळ स्वेटर एकावर एक, कानटोपी, एक कोरडा जोड सोबत, इनहेलर खिशात, फोन चार्ज केलेला आणि एकट्याने जायचं नाही. अंग ओलं झालं की लगेच कपडे बदलायचे, ओल्या कपड्यात थंडी फार लवकर आत शिरते. गारठा घालवायला दारू हा उपाय नाही, प्यायल्यावर गरम वाटतं पण शरीरातली उष्णता उलट बाहेर जाते.

आंघोळ

पहाटेची आंघोळ थंडीपुरती ऊन वर आल्यावर. पाणी कोमट ते गरम, कढत नाही, कढत पाण्याने बीपी एकदम पडून बाथरूममध्येच चक्कर येते आणि कातडी पण कोरडी पडते. शुगरच्या माणसाने पाणी पायाने बघायचं नाही, कोपराने बघायचं किंवा घरातल्या दुसऱ्याने बघून द्यायचं, कारण जुन्या शुगरमध्ये पावलांची संवेदना गेलेली असते, भाजलं तरी कळत नाही. टॉवेल आणि कपडे आतच घ्या, अंग पुसून लगेच कपडे, केस ओले ठेवून बाहेर बसायचं नाही.

आता गॅस गिझर. बंद, छोट्या बाथरूममध्ये गॅस गिझर चालू राहिला की आतला ऑक्सिजन कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही, माणूस आतल्या आत बेशुद्ध पडतो आणि आपल्याला वाटतं आंघोळीला वेळ लागतोय. अशा मृत्यूंच्या बातम्या महाराष्ट्रात दर थंडीला येतात. गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्या. ते होईपर्यंत खिडकी-दार उघडं ठेवून बादली भरायची, गिझर बंद करायचा आणि मगच माणसाने आत जायचं. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ ही पहिली लक्षणं आणि हृदयरोग्याला हा त्रास इतरांच्या आधी होतो. हेच कोळशाच्या शेगडीचं, झोपायच्या खोलीत शेगडी पेटवून दार लावून घ्यायचं नाही, कितीही थंडी असू दे. बंब असेल तर तो अंगणात, घरात धूर नको.

खाणं

थंडीत भूक लागते आणि आपले सगळे गोड पदार्थ याच दिवसांत येतात, डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, हुरडा, उसाचा रस, संक्रांतीला तिळगूळ आणि गुळाची पोळी. शुगरच्या माणसाला गूळ चालतो हा समज मनातून काढून टाका, रक्तात गेल्यावर गूळ साखरेसारखाच वागतो. माझं मत असं की पूर्ण बंदी टिकत नाही, माणूस लपून खातं, त्यापेक्षा सुपारीएवढी तिळाची वडी जेवणासोबत द्या आणि त्या जेवणातली अर्धी भाकरी कमी करा. उसाचा रस मात्र नाहीच. बाजरीची भाकरी चांगली, फायबर असतं, पण तीन-तीन भाकऱ्या म्हणजे शुगर वाढणारच, सोबत भोगीच्या भाजीसारखी भरपूर भाजी, पालक, मेथी, ओला हरभरा, गाजर असं वाढवायचं. बीपीवाल्यांनी मीठ दिवसाला सगळं मिळून एक चहाचा चमचा, त्यात लोणचं, पापड, ठेचा सगळं आलं.

ग्लुकोमीटरचं पण थंडीत बघावं लागतं. बोटं गार असली की रक्तच येत नाही मग लोक बोट पिळत बसतात आणि आकडा चुकतो, आधी कोमट पाण्याने साबण लावून हात धुवा, कोरडे पुसा, हात खाली सोडून थोडे हलवा, मग टोचा. गुळाचा हात न धुता टोचलं तर शुगर खोटी जास्त दिसते. मशीन फार गार झालं असेल तर एरर येतो, थोडा वेळ घरातल्या उबेत ठेवून परत बघा. न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजच्या दारात ठेवायचं, मागच्या भिंतीला चिकटून ठेवलं आणि गोठलं तर ते फेकायचं, वितळवून वापरायचं नाही.

दमा

सगळ्यात पहिलं काम थंडीच्या आधीचं. पेटीतली, माळ्यावरची वर्षभर बंद असलेली गोधडी, रग, स्वेटर काढून तसेच अंगावर घेतले की त्यातल्या धुळीने रात्रीच खोकला सुरू होतो. धुता येईल ते गरम पाण्याने धुवा, बाकीचं दोन-तीन दिवस कडक उन्हात घाला, आणि झटकायचं काम दम्याच्या माणसाने करायचं नाही. रात्री खिडक्या बंद करून आत मच्छर अगरबत्ती किंवा धूप लावला की तो धूर आतच राहतो, त्यापेक्षा मच्छरदाणी लावा.

इनहेलरची सवय लागते, तो शेवटचा उपाय आहे, ही भीती अजून खूप घरांत आहे आणि त्यापायी माणसं गोळ्यांवर दिवस काढतात. इनहेलरमधलं औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि थेट फुप्फुसात जातं, गोळी पोटातून सगळ्या अंगभर फिरते. दोन प्रकार असतात, एक रोजचा, सूज कमी ठेवणारा, तो बरं वाटत असतानाही घ्यायचा, आणि दुसरा धाप लागली की आराम देणारा. थंडीत बरेच जण रोजचा बंद करून फक्त आराम देणाऱ्यावर भागवतात आणि डिसेंबर-जानेवारीत ॲडमिट व्हायची वेळ येते. दाबायचा पंप असेल तर आधी हातात धरून कोमट करा, हलवा, स्पेसर (पंप आणि तोंडाच्या मध्ये लावायची प्लास्टिकची पोकळ नळी) लावून घ्या, श्वास दहा सेकंद रोखा आणि रोजचा पंप घेतल्यावर चूळ भरून गुळण्या करा म्हणजे तोंड येत नाही. आराम देणारा पंप नेहमीपेक्षा जास्त वेळा लागायला लागला, रात्री खोकल्याने झोपमोड व्हायला लागली, तर डॉक्टरांकडे जायची वेळ झाली असं समजा, रविवार जाऊ दे सोमवारी बघू असं नको. बोलताना वाक्य पूर्ण होत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील तर लगेच हॉस्पिटल.

कोविडमध्ये घेतलेला ऑक्सिमीटर घरात असेल तर वापरा, पण गार बोटावर तो चुकीचा, कमी आकडा दाखवतो, बोट चोळून गरम करा, नेलपॉलिश, मेंदी नसलेलं बोट घ्या आणि आकडा स्थिर झाल्यावर वाचा. जुन्या दम्याच्या माणसाचा एरवीचा आकडा किती असतो ते डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा.

वाफ घ्यायची तर साध्या पाण्याची. बाम, कापूर टाकलेल्या उग्र वाफेने काहींचा दमा उलट उसळतो, आणि मांडीवर पातेलं घेऊन तर बसूच नका, भाजून घेतात लोक.

काढा आणि मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या

काढ्यातलं ज्येष्ठमध बऱ्याच जणांना निरुपद्रवी वाटतं, पण ते रोज आणि जास्त घेतलं तर बीपी वाढतं आणि रक्तातलं पोटॅशियम कमी होतं. बीपी, हृदयाच्या माणसाने रोजच्या काढ्यात ते टाकू नये, आलं, तुळस, गवती चहा घाला की. सर्दीच्या तयार गोळ्यांमध्ये नाक मोकळं करणारं फेनिलेफ्रिनसारखं औषध असतं, तेही बीपी वाढवतं, मेडिकलवाल्याला बीपी आहे हे आधी सांगा. आणि गुडघे दुखतात म्हणून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन रोज खाल्लं तर बीपी चढतं, किडनीवर ताण येतो, लघवीची गोळी चालू असलेल्यांना तर जास्तच. त्यापेक्षा गुडघ्याला पंधरा-वीस मिनिटं शेक, लोकरीची नी-कॅप, बसल्या बसल्या पाय सरळ करायचा व्यायाम, आणि गोळी लागलीच तर डॉक्टरांना विचारून.

संध्याकाळ आणि रात्र

शेकोटीजवळ शुगरच्या माणसाने पाय पुढे करून बसायचं नाही, हात शेका, पाय मोज्यात झाकून मागे ठेवा. गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन झोपणं पण नको, अंथरूण गरम करायला ठेवा आणि झोपायच्या आधी काढा. रोज रात्री पावलं बघायची, तळवे, टाचा, बोटांच्या मध्ये, स्वतःला वाकता येत नसेल तर घरच्यांनी बघायची. भेगांना व्हॅसलिन किंवा खोबरेल तेल, पण बोटांच्या बेचक्यात लावायचं नाही, तिथे ओल राहून बुरशी होते. मोजे ढिले हवेत, काठ रुतणारे नकोत. छोटी जखम दिसली की तेव्हाच दाखवा.

इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्यांवर असलेल्या माणसाला रात्री दरदरून घाम आला तर गोधडीमुळे आला असेल म्हणून कूस बदलू नका, शुगर तपासा. ७० च्या खाली असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत तपासणी. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ ला फोन.

आणि १०८ चा विषय निघालाच आहे तर, थंडीत छाती भरल्यासारखी वाटणं, जबडा किंवा डावा हात दुखणं, उगाच घाम आणि धाप, हे सगळं गॅस झाला, थंडीने आखडलं म्हणून ओवा खाऊन झोपण्यासारखं नाही. शुगरच्या माणसाला तर छातीत दुखतही नाही कधी कधी, नुसता थकवा आणि घाम येतो. तोंड वाकडं होणं, हात उचलता न येणं, जीभ जड होणं हे लकव्याचं, त्यात रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून लक्षणं कधी सुरू झाली ती वेळ लक्षात ठेवा आणि स्कॅनची सोय असलेल्या हॉस्पिटललाच न्या.

थंडीच्या आधी, दिवाळीच्या सुमारास, डॉक्टरांना एकदा भेटून फ्लूची लस आणि ६५ च्या पुढच्यांना न्यूमोनियाची लस यांचं विचारा. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात येतो आणि परत जानेवारी ते मार्चमध्ये येतो, लसीचा परिणाम यायला दोनेक आठवडे लागतात. त्याच वेळेला महिनाभराच्या गोळ्या एकदम आणून ठेवा, गारठ्यात कोणी जायला नको म्हणून गोळ्या चुकतात.

आणि एक गोष्ट जी फार जण विसरतात, थंडीत बीपीचा डोस वाढवून दिलेला असेल तर तो उन्हाळ्यात तसाच चालू ठेवायचा नसतो. ऊन वाढलं की रक्तवाहिन्या सैल होतात, घाम जातो, बीपी आपोआप उतरतं आणि थंडीचाच डोस चालू असेल तर मार्च-एप्रिलमध्ये उभं राहताना चक्कर यायला लागते. होळी झाली की परत आठवडाभर बीपी लिहून काढा आणि ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा.